‘आक्रस्ताळे’ कोण?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या महाविद्यालयातील शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्ती रखडल्याबद्दल तीन अर्ज दिले होते. तिन्ही अर्जांवर आवक क्रमांक पडला; त्यापुढे काही पडले नाही. चौथ्या वेळी मुलांनी अर्ज दिला नाही. ती फाटकाशी बसली आणि घोषणा देऊ लागली. त्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “ही पोरं फार आक्रस्ताळी झालीत हो.” दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मी काही बोललो नाही. त्या तीन अर्जांपैकी दुसरा अर्ज मीच तपासून दिला होता. त्यातला ऱ्हस्व-दीर्घ मी सुधारला होता आणि “भाषा जरा सौम्य ठेवा रे, म्हणजे काम होईल,” असा सल्लाही दिला होता.

काम झाले नाही. तो शब्द मात्र माझ्या डोक्यात राहिला. आपल्या चळवळीत आणि आपल्या साहित्याबद्दल हा शब्द इतक्यांदा ऐकलेला आहे की त्याचा अर्थ काय, हे थांबून पाहण्याचे आपल्याला सुचलेले नाही. ते एकदा पाहिले पाहिजे.

‘आक्रस्ताळा’ हे विशेषण मूळचे लहान मुलाचे. जरा मनाविरुद्ध झाले की हातपाय आपटणारे, भोकाड पसरून घर डोक्यावर घेणारे पोर म्हणजे आक्रस्ताळे पोर. या शब्दाचे गणगोत मोठे आहे. किरकिर, कुरकुर, पिरपिर, चिडचिड, आदळआपट, थयथयाट, रडगाणे हे सगळे एकाच घरातले शब्द. त्यांच्यात आवाजाचे फरक आहेत. किरकिर बारीक आणि न थांबणारी, कुरकुर तोंडातल्या तोंडात, थयथयाट सगळ्या अंगाने. पण एक गोष्ट सर्वांत समान आहे. हे शब्द आवाजाचे वर्णन करतात, कारणाचे करीत नाहीत. मूल किरकिरते आहे एवढे कळते. ते भुकेले आहे, त्याला ताप आहे, दात येताहेत की मुंगी चावली आहे, हे त्या शब्दातून कळत नाही.

आई मात्र कारण शोधते. मला चांगले आठवते. आमची माय दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जायची. धाकट्या भावाला बाभळीच्या फांदीला बांधलेल्या झोळीत टाकायची आणि मी झोका द्यायचो. उन्हे चढली की तो रडायला लागायचा. एकदा बांधावरून मालकीणबाई ओरडल्या, “किती आक्रस्ताळं गं पोर तुझं! कानठळ्या बसल्या.” माय वेचता वेचताच म्हणाली, “भुकेजलंय ते, बाई.” बाईंनी पोराचा स्वभाव सांगितला होता, मायने कारण सांगितले. पोट भरल्यावर तेच पोर झोळीत हसत पडलेले असायचे, तेव्हा त्याला कोणी आक्रस्ताळे म्हणायला यायचे नाही.

मला जे सांगावयाचे आहे ते एवढेच आहे. हा शब्द कारणाचा स्वभाव करून टाकतो. भुकेला माणूस भुकेला राहत नाही, तो ‘तसलाच’ ठरतो. आणि एकदा तो तसलाच ठरला की भाकरी देण्याची जबाबदारी कोणावर उरत नाही.

आता कोणी म्हणेल, हा लहान मुलांचा शब्द. मोठ्यांना तो सहज अलंकारिक अर्थाने लावला जातो, त्यात एवढे काय? परंतु गावगाड्यात आपल्या मोठ्या माणसांना ‘लहान’ करून ठेवण्याची पद्धत अलंकारिक नव्हती, ती रोजची होती. साठीच्या म्हाताऱ्याला पाटलाचे दहा वर्षांचे पोर ‘अरे’ म्हणून हाक मारीत असे. पाळण्यात ठेवलेले नाव रामा असो की धोंडिबा, वेशीच्या आत त्याचा राम्या आणि धोंड्या होई. हा ‘या’ प्रत्यय लहान मुलाला लाडाने लागतो. आपल्या आज्या-पणज्याला तो मरेपर्यंत लागलेला होता. वाड्यावरच्या नोकराला आणि दुकानातल्या गड्याला ‘पोऱ्या’ म्हणतात, मग त्याला नातवंडे का झालेली असेनात. उलट बाजूला सगळे मायबाप. सरकार मायबाप, मालक मायबाप, पाटील मायबाप. ज्याला मायबाप आहेत ते लेकरूच असणार आणि लेकराचे मागणे म्हणजे हट्ट. हट्टाचेही मराठीत तीन प्रकार मानलेले आहेत : राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट. यांतला राजाचा हट्ट तेवढा हुकूम म्हणून अंमलात येतो, उरलेले दोन कौतुकाने किंवा कंटाळ्याने सोसले जातात.

अशा व्यवस्थेत अस्पृश्याने उच्चारलेले गाऱ्हाणे हे गाऱ्हाणे म्हणून ऐकलेच जात नाही, ते किरकिर म्हणून ऐकले जाते. हे लक्षात घेऊन आपल्या लिखित इतिहासाकडे पाहिले की एक विलक्षण गोष्ट दिसते.

त्या इतिहासाच्या अगदी आरंभी खरोखरीच एक लहान मूल आहे. १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, जेमतेम तीन वर्षे अक्षर गिरवलेली ही मुलगी. तिच्या लिखाणात थयथयाट शोधून सापडत नाही. ती विचारते ते प्रश्न वकिलाने विचारावेत तसे आहेत. वेद जर फक्त ब्राह्मणांचे, तर आम्हांला धर्मग्रंथच नाही. मग आम्ही कोणत्या धर्माचे? पेशवाईत तालीमखान्यासमोरून गेलेल्या मांग-महाराचे काय होत असे, इमारतींच्या पायात कोणाला गाडीत असत, आडोसा नसलेल्या ठिकाणी बाळंत होणाऱ्या बाईने थंडीपावसात काय सोसले असेल, हे ती एकापाठोपाठ एक मांडत जाते आणि वाचणाऱ्याला स्वतःच्या अनुभवावरून ताडून पाहायला सांगते. वयाने मूल असलेली ही लेखिका कारणे सांगते आहे. जे वयाने आणि विद्येने मोठे होते त्यांनी त्या कारणांना काय उत्तर दिले? पुढची कित्येक दशके तो निबंध कोणाच्या पाठ्यपुस्तकात आला नाही. सौम्य भाषा ठेवली म्हणजे काम होते, या माझ्या सल्ल्याला मुक्ताबाईचा निबंध हे पहिले उत्तर आहे.

जोतीरावांचे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे, परंतु या शब्दाच्या संदर्भात ते पुन्हा पाहण्यासारखे आहे. ‘गुलामगिरी’ १८७३ सालचे. पुढच्या वर्षी विष्णुशास्त्री चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ सुरू झाली आणि तीतून त्यांनी जोतीरावांच्या लेखनाचा समाचार घेतला. तो प्रामुख्याने कशाचा घेतला? व्याकरणाचा, शुद्धलेखनाचा, भाषेच्या गावंढळपणाचा. शेतकऱ्याच्या घरातले धान्य कोठे जाते, शाळेत कोणाची मुले बसतात, हे जोतीरावांचे प्रश्न होते. प्रश्न राहिला बाजूला, चर्चा झाली ऱ्हस्व-दीर्घाची. १८८५ साली ग्रंथकार सभेचे आमंत्रण आले तेव्हा जोतीरावांनी ते का नाकारले, हे यावरून समजते. जे माणसाला माणसाचे हक्क देत नाहीत त्यांच्या पुस्तकांशी आमच्या पुस्तकांचा मेळ बसत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्याला कोणी तुसडेपणा म्हणेल. मला ते एका प्रौढ माणसाचे सरळ उत्तर वाटते.

आणि येथे मला माझा तांबडा पेन आठवतो. मुलांच्या अर्जातील ‘शीष्यवृत्ती’ची ‘शिष्यवृत्ती’ करताना मी कोणाच्या रांगेत जाऊन बसलो होतो? पहिल्या पिढीत शिकलेल्या माणसाला शुद्धलेखनाचा अभिमान वाटतो, त्यात गैर काही नाही. आपण ते घाम गाळून मिळवलेले असते. पण शुद्ध लिहिले म्हणजे ऐकले जाईल, हा भ्रम आपणच आपल्या मुलांना देत असू, तर ते तपासले पाहिजे.

कारण शुद्ध, नम्र आणि कायदेशीर भाषेत लिहिलेल्या अर्जांचा आपला इतिहास मोठा आहे. लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार कोठे आहे, असे प्रश्न त्यात शांतपणे विचारलेले आहेत. महारांची लष्करभरती बंद झाली तेव्हा १८९० च्या दशकात त्यांनी सरकारकडे अर्ज केला. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने दख्खनच्या महारांनी थेट भारतमंत्र्यांपर्यंत विनंती पाठविली. मागणे काय होते? सैन्यात आणि पोलिसांत इतरांप्रमाणे घ्या. या अर्जांची भाषा इतकी अदबीची आहे की आजच्या तरुणाला ती वाचताना संकोच वाटावा. तेव्हा त्यांना कोणी आक्रस्ताळे म्हटले नाही हे खरे. पण तेव्हा त्यांना कोणी काही दिलेही नाही. भरतीची दारे पहिल्या महायुद्धात सैनिकांची गरज पडली तेव्हा उघडली आणि युद्ध संपल्यावर पुन्हा लागली.

म्हणजे आपल्यापुढे दोनच जागा ठेवलेल्या होत्या : मुक्याची आणि आक्रस्ताळ्याची. हळू बोललात तर ऐकू येत नाही, मोठ्याने बोललात तर कानठळ्या बसतात. मधला, माणसाच्या बोलण्याचा आवाज आपल्या वाट्याला ठेवलेलाच नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाचे नाव ‘मूकनायक’ ठेवले, त्यामागे ही जाण होती असे मला वाटते. तुकोबांच्या अभंगातून घेतलेल्या या नावातच मुक्याला नायक केलेले आहे. आणि त्या पत्राची साधी जाहिरात, तीही पैसे देऊन, ‘केसरी’ने छापली नाही. तोवर बाबासाहेबांनी एक आरोळीही ठोकलेली नव्हती. पत्र निघणार आहे, एवढेच सांगावयाचे होते.

या शब्दाची खरी परीक्षा महाडला झाली. घटनाक्रम नुसता मांडला तरी पुरे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला : सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद झाला, पाणी मिळाले नाही. लोक तीन वर्षे थांबले. १९ आणि २० मार्च १९२७ ला परिषद झाली. २० तारखेला लोक रांगेने तळ्यावर गेले, ओंजळीने पाणी प्याले आणि परतले. यात आदळआपट कोठे आहे? त्यानंतर गावात आवई उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, आणि काठ्या घेतलेला जमाव मंडपावर, वाटेवरच्या माणसांवर, जेवणाऱ्या लोकांवर धावून गेला. प्रतिकार करण्याएवढी माणसे आपल्याकडे होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे तळ्यात शेण, गोमूत्र, दूध, दही यांच्या एकशे आठ घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

डिसेंबरात सत्याग्रहासाठी हजारो माणसे पुन्हा महाडला जमली, तर न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम हजर. जमलेली माणसे पाण्यासाठी प्राण द्यायला तयार होती. त्यांना समजावून सत्याग्रह तहकूब केला गेला. मिरवणूक तळ्याला वळसा घालून परतली. मग दावा चालला आणि तो मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी संपला. निकाल आपल्या बाजूने लागला. ओंजळभर पाण्यासाठी बोल्यांच्या ठरावापासून चौदा वर्षे. ज्यांनी ही चौदा वर्षे कागद, साक्षी आणि तारखा सांभाळत काढली ते संयमी. ज्यांनी मनाविरुद्ध घडताच काठ्या उचलल्या, भरलेल्या पानांवरून माणसे उठवली, हट्टाने तळ्यात शेण कालवले आणि दिलेला शब्द परत घेतला, त्यांच्या वर्तनाला मराठीत कोणता शब्द आहे? आक्रस्ताळेपणाची व्याख्या शब्दकोशात उदाहरणासह द्यावयाची झाली, तर एकशे आठ घागरींचे उदाहरण चपखल बसेल. पण तो शब्द त्या बाजूला लावण्याची रीत नाही. त्या बाजूच्या वर्तनाला ‘जनतेच्या धार्मिक भावना’ म्हणतात.

हा दुजाभाव जुना आहे. दुर्वास ऋषीला क्षुल्लक कारणावरून राग येई. त्याला आपण शीघ्रकोपी म्हणतो आणि त्याच्या रागाला शाप. परशुरामाने पृथ्वी निःक्षत्रिय केली तो त्वेष. जवळच्या काळातही तसेच. १९१० साली व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने टिळकांना भारतीय असंतोषाचे जनक ठरविले. ती निंदा होती. टिळकांनी त्याच्या पुस्तकाविरुद्ध विलायतेत खटलाही भरला. पण मराठी समाजाने तीच निंदा उचलून पदवी म्हणून मिरवली. असंतोष वाड्यातून निघाला की त्याला जनक मिळतो. तोच असंतोष महारवाड्यातून निघाला की त्याला वळण नाही, संस्कार नाहीत, असे म्हटले जाते. एकाच कंठातून निघणाऱ्या आवाजाला मराठी दोन नावे देते. मोठ्यांचा तो आक्रोश, लहानांचा तो आक्रस्ताळेपणा.

साहित्यात हे सगळे पुन्हा घडले. १९५८ मध्ये मुंबईत पहिले दलित साहित्य संमेलन झाले, १९६३ मध्ये बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ आला, १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’, १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’. समीक्षेच्या भात्यातून तीच विशेषणे बाहेर पडत राहिली : एकसुरी, प्रचारकी, आक्रस्ताळे. १५ ऑगस्ट १९७२ च्या ‘साधने’त राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. त्यामागे त्या वर्षीच्या घटना होत्या. परभणी जिल्ह्यातील ब्राह्मणगाव येथे दलित स्त्रियांची विटंबना झाली होती. इंदापूर तालुक्यातील बावडा येथे दलितांवर बहिष्कार होता. दलित स्त्रीच्या अब्रूला कायदा काय किंमत लावतो आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला काय लावतो, असा ढाल्यांचा सवाल होता. महाराष्ट्रात काही महिने गदारोळ झाला तो ध्वजाबद्दलच्या एका वाक्यावर. ब्राह्मणगावच्या बायांबद्दल तेवढा झाला असता तर लेख लिहिण्याची वेळच आली नसती.

तरीही एक गोष्ट आपण आपल्यातच बोलली पाहिजे. हा शब्द फक्त बाहेरचेच वापरतात असे नाही. १९४२ च्या जुलैमध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद झाली. हजारो बाया जमल्या. घटस्फोटाचा हक्क, बहुपत्नीत्वाला विरोध, कामगार बायांना रजा असे ठराव त्यांनी केले. त्या बायांचा इतिहास पुस्तकरूपाने यायला ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ १९८९ साली निघावे लागले. मधल्या काळात आपल्याच बैठकांत बाई उठून बोलली की ‘कटकट’, तरुणाने हिशेब विचारला की ‘पोरकटपणा’, हे आपण ऐकलेले आहे, कधी म्हटलेलेही आहे. ज्याला मायबाप नको आहेत त्याने दुसऱ्याचा मायबाप होऊ नये. आणि दुसरे असे की, नुसता आवाज म्हणजे विद्रोह नव्हे. कारण न सांगता चढवलेला सूर आपल्याही व्यासपीठावर ऐकू येतो. महाडची माणसे मोठी होती ती त्यांचा आवाज बारीक होता म्हणून नव्हे, मोठा होता म्हणूनही नव्हे. काय पाहिजे आणि का पाहिजे, हे त्यांना शेवटपर्यंत सांगता येत होते.

म्हणून या शब्दाला भिऊन आवाज लहान करण्याचे कारण नाही आणि पदक म्हणून तो छातीला लावण्याचेही कारण नाही. तो कानावर आला की एकच करावे. माझ्या मायने बांधावरच्या बाईला दिले तसे उत्तर द्यावे, म्हणजे कारण सांगावे. आणि उच्चारणाऱ्याला विचारावे की, बाई, पोर रडते आहे हे तुम्हांला ऐकू आले. ते का रडते आहे, हे विचारायला तुम्ही बांध उतरून का आला नाहीत?

फाटकाशी बसलेल्या त्या मुलांचे काय झाले, हे सांगावयाचे राहिले. तिसऱ्या दिवशी कार्यालयातून माणूस बाहेर आला आणि पहिल्या तीन अर्जांच्या प्रती आहेत का, म्हणून विचारू लागला. कार्यालयातल्या सापडत नव्हत्या. मुलांच्या वहीत तिन्ही होत्या, आवक क्रमांकांसह, तारखांसह. आक्रस्ताळ्या मुलांनी कागद जपून ठेवले होते. दुसऱ्या अर्जावर माझ्या तांबड्या पेनाच्या खुणा अजून होत्या.